झाईचा जवळा आणि गाळलेलं कडवं

शनिवारी सकाळी पावणेसातला सुषमा वलांडीपाशी, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंपाशी, उभी होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूला ताणलेल्या दोरीवर टाकायची. हे काम तिला डोळे मिटूनही जमे आणि त्या सकाळी तिचं लक्ष हातांकडे नव्हतंच. मागे घरापुढे मांडव घातलेला होता. विपुलला हळद लावायला बायका जमू लागल्या होत्या आणि नवऱ्यामुलाची आई किनाऱ्यावर मासळी सुकवत होती. शेजारच्या जमुनाने कुडाआडून हाक मारून सांगितलं, की आजचा दिवस तरी राहू दे. सुषमा म्हणाली, बोंबलांना लग्नाचं आवतण गेलेलं नाही, ते थांबायचे नाहीत.

फेब्रुवारी २०१७. धाकट्या डहाणूच्या त्या वाडीत लग्न म्हणजे तीन दिवस कोणी कामाला हात लावत नाही असा रिवाज आहे आणि तो पाळणारं एकही घर नाही. सुषमाचं वय त्रेपन्न. नवरा जीवन बोट चालवणारा तांडेल, एकुलता मुलगा विपुल बोईसरला कारखान्यात. ओले मासे ती विकत नाही, फक्त सुके. कासाच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली आहे. तिथे घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती फार बोलत नाही. बोंबील त्याच्या नाकाशी धरते आणि विचारते, वास येतो का? येतो म्हटलं तर म्हणते, मासा आहे, मोगरा नाही.

पण आजूबाजूच्या गावांत तिची ओळख बोंबलांवरून नाही, गळ्यावरून आहे. हळद असो, बारसं असो, सुषमा हवीच. आणि सुषमा आली की शेवटी तेच एक गाणं हवं.

<em>जोडी वाऱ्यानं डोलं गो, जोडी वाऱ्यानं डोलं,
सांग सांग गो बाय, तुझा धनी का न बोलं?</em>

हे गाणं पस्तिशीच्या पुढच्या माणसाने ऐकलं नाही असं या पट्ट्यात होत नाही. कॅसेटच्या जमान्यात ते गणपतीत वाजलं, महालक्ष्मीच्या जत्रेत पाळण्याशेजारी वाजलं. उंबरगावच्या बाजूला त्यात गुजराती शब्द घालून लोक गरबा खेळले. पुढे ते सीडीत गेलं, मग मोबाइलच्या मेमरी कार्डात, आणि अलीकडे डीजेवाल्यांनी त्याच्या खाली असा ठोका घातला आहे, की धनी बोलला असता तरी ऐकू आलं नसतं.

गाणं जुनं झालं की त्याला गोष्टी फुटतात. घोलवडच्या वाड्यांत चिकू निवडणाऱ्या बायका सांगत, की या बाईचा नवरा बोट भरकटून परमुलखाच्या तुरुंगात पडला, म्हणून तो बोलत नाही. तलासरीचा एक बँडवाला सांगे, की नवरा मुकाच होता आणि हे लग्न झाल्यावर कळलं. सगळ्यात मोठी गोष्ट होती नारूची. नारूची जीप कासा, चारोटी, तलासरी, उधवा अशी माणसं भरून धावते आणि तो प्रत्येक जुन्या गाण्याची जन्मकथा सांगतो म्हणून लोक आधीची जीप सोडून त्याच्या जिपेत बसतात. त्याची गोष्ट अशी, की समुद्रावर दोन जीव एकमेकांवर जडले, घरच्यांनी ताटातूट केली, तो बोलायचा थांबला आणि गाणारीने खाडीत उडी घेतली. उडी बरोबर तलासरीच्या नाक्यावर पडे. उधव्यापर्यंतचा उरलेला रस्ता लोकांना डोळे पुसायला पुरे.

दोन वर्षांपूर्वी सुषमाने ही गोष्ट त्याच्याच जिपेत, मागच्या बाकावर, मांडीवर रिकामी टोपली घेऊन ऐकली होती. त्या दिवशी तिला उधव्याला एका दुकानदाराकडे माल पोचवायचा होता. गाणं तिनेच जोडलेलं, त्यामुळे आपण खाडीत बुडालो हे तिला तलासरीत कळलं. उतरताना नारूने भाडं मागितलं, तेव्हा मेलेल्या माणसालाही पडतं का, असं विचारायची तिला हुक्की आली. ती तिने गिळली. कारण गोष्ट दुरुस्त करायची तर खरी सांगावी लागली असती आणि खरीत एका बाईचं नाव होतं.

ती बाई म्हणजे झाईची भिकीबाय. आणि विपुल लग्न करत होता तो भिकीबायच्या नातीशी.

खरी गोष्ट साधी होती. १९८६ साली धाकट्या डहाणूच्या एका मुलाचं झाईच्या मुलीशी लग्न ठरलं. मुलगी भिकीची नणंद. नवऱ्यामुलाची उष्टी हळद नवरीकडे न्यायची, म्हणून इकडच्या बायका होडीने झाईला गेल्या. त्यांत नवी सून सुषमा होती, बावीस वर्षांची, आणि तिची सासू ठकी. मांडवात जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेला सुका जवळा. बोंबील वाऱ्यावर टांगता येतात, पण बारीक कोळंबीसारखा जवळा एवढासा, तो जमिनीवर पसरूनच सुकवावा लागतो. नीट पाखडला नाही तर वाळू येते. त्या दिवशी आली. भिकीचा नवरा पाहुण्यांबरोबर पंगतीला बसला होता. त्याने पहिला घास घेतला, चावता चावता थांबला आणि घरचीच अब्रू म्हणून गप्प बसून राहिला.

हळदीच्या दिवशी दोन्हीकडच्या बायकांनी गाण्यातून टोमणे मारायचे, हा या किनाऱ्याचा जुना खेळ. त्याचा नियम एकच. टोमण्याला समोरच्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की टोमणा फिटला, मग त्याचा राग धरायचा नाही. उत्तर नाही मिळालं तर तो अंगावर राहिला. सुषमा जेवून उठली आणि हात धुता धुता तिने समोर वाऱ्यावर हलणारे बोंबील पाहून गाणं जोडलं. जोडी वाऱ्यानं डोलते, मग तुझाच धनी का बोलत नाही, अशी सुरुवात. आणि शेवटच्या कडव्यात उत्तर:

<em>भिकीच्या घरचा जवळा गो, दातांत वाळू बोलं,
म्हणून म्हणून गो बाय, तुझा धनी न बोलं.</em>

मांडव हसून लोळला. भिकी पदर खोचून पुढे आली, उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खाडीवरून तांडेलाची हाळी आली. पाणी उतरायला लागलं होतं. झाईच्या खाडीतून ओहोटीला होडी निघत नाही. आता निघालं नाही तर मुक्काम पडला असता आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं. बायका हसत, धावत होडीत चढल्या. भिकी काठावर उभी राहिली. तिचं कडवं तोंडातच राहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर पुढच्या एखाद्या लग्नात फिटलंही असतं. पण वर्षभरात डहाणू रोडच्या एका कॅसेटवाल्याने हे गाणं ऐकलं. दुकानाच्या माडीवर खिडकीला गाद्या लावून त्याने बायकांकडून सहा गाणी भरून घेतली. शेवटचं कडवं त्याने काढायला लावलं. भिकी कोण आणि तिचा जवळा कसा, हे नाशिकच्या माणसाला काय माहीत, असं त्याचं म्हणणं. सुषमाला ते पटलं होतं. उलट तिला वाटलं, बरं झालं, बिचारीचं नाव तरी वाचलं. रिकाम्या जागी पहिलंच कडवं तीनदा म्हटलं आणि बासरी घातली. बासरीने जवळ्याचं प्रेम झालं. कॅसेटवर कुठल्याशा घागरवाल्या मुलीचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, पारंपरिक लोकगीत.

गाणं जगभर झालं, पण झाईत सगळ्यांना शेवटचं कडवं पाठ होतं. लाउडस्पीकरवर बासरी सुरू झाली की तिथली पोरं ते आपणहून जोडायची. त्यामुळे विपुल आणि भिकीबायची नात उन्नती समाजाच्या क्रिकेट स्पर्धेत भेटले, वर्षभर मोबाइलवर बोलले आणि घरी सांगायची वेळ आली, तेव्हा सुषमा घाबरली ती मुलगी कशी आहे म्हणून नव्हे. मुलगी घोलवडला चिकूच्या पॅकिंगमध्ये होती, हुशार होती. पण आई लहानपणीच गेल्याने तिला भिकीबायने वाढवलं होतं. आजी नाही म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. आजी हो म्हणाली, सुपारी फुटली, साखरपुड्याला आली, पेढा खाल्ला आणि सुषमाशी एक शब्द बोलली नाही.

हळदीच्या चार दिवस आधी तिने उन्नतीमार्फत विपुलला निरोप दिला. हळद घेऊन याल तेव्हा सुषमाने ते गाणं म्हणायचं. कॅसेटमधलं नाही, सगळं. नाहीतर मांडवाच्या दारातला बांबू उचलला जाणार नाही.

दारात आडवा बांबू धरायचा आणि गाण्याशिवाय हळद आत घ्यायची नाही, ही झाईची रीतच. पण रीत हसण्यासाठी असते. हा निरोप हसून दिलेला होता की दात खाऊन, हे विपुलला सांगता येईना, कारण उन्नतीलाही ते कळलं नव्हतं.

घरात दोन तट पडले. जीवन म्हणाला, कॅसेटमधलं म्हण आणि पुढचं विसरलीस म्हणून सांग, वय झालंय तुझं. जमुनाचं मत उलटं, सगळं म्हण आणि मोठ्याने म्हण, त्यांनीच मागितलंय. सुषमाला दोन्हीकडे खड्डा दिसत होता. कडवं गाळलं तर हळद दारात. म्हटलं तर भर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, नवरीच्या आजीची अब्रू आपणच काढली असं होणार. लग्नाला एक रात्र उरलेली असताना.

विपुलने एकच सांगितलं. "आई, तू काय गायचं ते तू बघ. पण आजी मांडवातून उठून गेली तर उन्नती उद्या बोहल्यावर चढायची नाय. तिने मला तसं सांगितलंय."

दुपारी तीनला हळदीचं ताट पदराखाली घेऊन बायका दोन जिपांत बसल्या. पहिली जीप नारूची होती. बाजारातली ओळख म्हणून सुषमानेच ठरवली होती. नारूने पाहुण्यांना खूश करायला मेमरी कार्डातलं नेमकं तेच गाणं लावलं आणि घोलवड यायच्या आत गोष्ट सुरू केली. जमुनाने पदर तोंडात कोंबला. बाकीच्या बायका खिडकीबाहेर चिकूची झाडं मोजायला लागल्या. गाणारी खाडीकडे धावत सुटली होती आणि बोर्डी मागे पडत होतं, तेव्हा सुषमा म्हणाली, "नारूभाऊ, तिला जरा हळू पळव. आजचा दिवस तिला काम हाय."

नारूला काही उमगलं नाही, पण त्याने आवाज कमी केला.

झाईच्या मांडवापुढे गर्दी उभी होती. दोन पोरींनी दारात आडवा बांबू धरला होता. बांबूपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत भिकीबाय बसली होती. वय बहात्तर, हिरवं लुगडं, हातात काठी. डीजेवाल्याला तिने मशीन बंद करायला लावलं होतं. त्यामुळे समुद्राचा आवाज ऐकू येत होता, जे हळदीत सहसा होत नाही.

सुषमाने ताट जमुनाकडे दिलं आणि सुरुवात केली. पहिली कडवी सगळ्यांनी उचलली, टाळ्या पडल्या, नारूही जिपेला टेकून मान डोलवत होता. मग शेवटचं आलं. येताना जिपेत तिने एक तोडगा काढला होता, तो तिने वापरला. भिकीच्या घरचा जवळा असं न म्हणता तिने म्हटलं, कुणाच्या घरचा जवळा गो.

काठी जमिनीवर आपटली.

"थांब," भिकीबाय म्हणाली. "कुणाच्या म्हंजे? तिथं नाव होतं."

सुषमा म्हणाली, "बाय, आता सोयरीक झाली. कसं घेऊ नाव?"

"तवा कसं घेतलंस? नाव घाल. बिननावाच्या टोमण्याला मी काय उत्तर देऊ, माझं कपाळ?"

ते ऐकलं आणि सुषमाच्या ध्यानात आलं, की म्हातारी इतकी वर्षं कशावर बसून होती. राग टोमण्याचा नव्हताच. तिची पाळी राहिली होती. आणि ती राहिलेली असतानाच गाणं गावोगाव फिरत होतं, दर लग्नात, दर जत्रेत, आणि उत्तर द्यायला समोर कोणी उभं नव्हतं.

मग सुषमाने नाव घातलं. बावीस वर्षांच्या सुनेने घातलं होतं तसंच, ठसक्यात, शेवटच्या अक्षरावर हेल काढून. दातांत वाळू बोलं. मांडवात कोणी हसलं नाही. सगळे खुर्चीकडे बघत होते. भिकीबाय काठीवर भार देऊन उठली, घसा खाकरला आणि त्याच चालीत, पण चांगल्या दोन पट्ट्या खालून, तिने गायलं:

<em>वाळू जर का होती गो, पातेलं कुणी साफ केलं?
ठकीचं पोट भरलं गो, उरलं पदरात नेलं!</em>

मग पहिली हसली ती जमुना, आणि हातातलं हळदीचं ताट सांडता सांडता वाचलं. ठकीला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण धाकट्या डहाणूहून आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकीनेही तिची बाजू घेतली नाही, कारण ठकी तशीच होती. सुषमाला ती होडी आठवली. किनारा दिसेनासा झाल्यावर सासूने पदराची गाठ सोडली होती, जवळ्याचे वाटे केले होते, आणि सगळ्यांनी खाल्ला होता. वाळूसकट. सुषमाने दोनदा घेतला होता.

भिकीबायने हसू ओसरू दिलं. बायकांनी आणखी म्हणायला लावलं तेव्हा पुन्हा म्हटलं, एकदाच. मग पोरींना म्हणाली, बांबू उचला. आणि सुषमाला म्हणाली, "फिटलं. चल आत, हळद वाळतेय."

आत उन्नती पाटावर बसली होती. सगळं ऐकू येत होतं, पण तिला उठायची परवानगी नव्हती. सुषमाने पहिलं बोट हळदीत बुडवून तिच्या गालाला लावलं, तेव्हा पोरीने विचारलं, "आजी उठून गेली नाय ना?" सुषमा म्हणाली, आजी जागची हलत नाही, आता चार माणसं लागतील तिला गप्प करायला. ते खरंच होतं. बाहेर डीजेवाला मशीन लावू देण्याची विनवणी करत होता आणि भिकीबाय त्याला चाल शिकवत होती.

पंगत बसली. भाकरी आणि सुका जवळा. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. भिकीबायने स्वतः सुषमाच्या समोर खुर्ची मांडून घेतली आणि सांगितलं, की तीनदा पाखडलाय, वर चाळलाय, नवी सून होतीस तवाचा नाय हा. सुषमाने घास घेतला. जवळा झकास होता. तिसऱ्या घासाला दाढेखाली एकच बारीक कच्च असा आवाज झाला.

ती चावायची थांबली.

"काय गो," भिकीबाय डोळे बारीक करून म्हणाली, "बोलत का नायस?"

सुषमाने घास गिळला, वर पाणी प्यायली आणि आणखी जवळा मागितला.

परतीच्या वाटेवर नारूने गाणं लावलं नाही. बोर्डी गेलं, घोलवडच्या वाड्यांची फाटकं आली, तेव्हा त्याने विचारलं, की मग ती गाणारी बुडालीच नाही? जमुनाने मागून सांगितलं, की तुझ्या शेजारीच बसली आहे, हात लावून बघ. नारूने हात लावला नाही. एवढी वर्षं बुडवल्याबद्दल त्याने माफीही मागितली नाही. त्याची अडचण धंद्याची होती. जवळ्याची गोष्ट कासा सोडल्यावर चारोटीपर्यंतच पुरेल, पुढे उधव्यापर्यंत माणसांना काय सांगायचं, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. सुषमा म्हणाली, चारोटीपर्यंत जवळा सांग आणि तिथून पुढे बुडव, मला चालेल. फक्त भाडं घेऊ नको. नारूने विचार करून अर्ध्यावर तडजोड केली.

घरी पोचली तेव्हा जीवन दारात उभा होता. हळद आत गेली का, एवढंच त्याने विचारलं. गेली म्हणाली. आणि कडवं? तेही गेलं, ती म्हणाली, आणि पायातल्या चपला काढून आधी वलांडीकडे जाऊन आली. वारा बेताचा होता. सकाळी घातलेल्या जोड्यांची एक बाजू सुकत आली होती.

लग्नाचा मुहूर्त उद्या दुपारी बारा बेचाळीसचा आहे. बोंबील त्याआधी, पावणेसातला, उलटायचे आहेत.